इतर हक्क

आमच्या टीममधल्या पाच जणांपैकी तिघांनी गेल्या दोन वर्षांत 'प्लॉट' घेतलाय. एकाने आसनगावच्या पुढे, एकाने खर्डीच्या बाजूला आणि एकाने मुरबाडहून माळशेजला जाताना. सोमवारी सकाळी चहाबरोबर मोबाईलवरचे फोटो फिरतात. फोटोत लाल माती, सिमेंटचे चार खांब, काटेरी तार आणि मागे डोंगर. एवढंच. तरी ते बघून आपणही काहीतरी करायला हवं असं वाटतं, तसं मलाही वाटलं. त्यात समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये आमण्यापर्यंत पूर्ण झाला, आणि तेव्हापासून शहापूरच्या बाजूचा भाव सांगताना एजंट लोकांचा आवाजच बदललाय.

तर मंडळी, एका शनिवारी सकाळी मी आणि आई कल्याण-मुरबाड रस्त्याला लागलो. आईचं माहेर सरळगावपासून थोडं आत. म्हटलं प्लॉट बघू, मामाकडे जेवू, संध्याकाळपर्यंत परत. एजंटने दिलेल्या ब्रोशरवर सगळे शब्द ओळखीचे होते: क्लिअर टायटल, एन.ए. टेंटेटिव्ह, हिल व्ह्यू, गेटेड. त्याबरोबर त्याने एक कागद दिला, सातबारा. त्यावरही सगळं मराठीतच होतं, आणि मला त्यातलं अक्षरही कळेना. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचून समजून घ्यायचा पगार मिळतो मला! वर्ग २, आकार, पोटखराबा, वरकस, कंसातली नावं, आणि उजवीकडच्या 'इतर हक्क' रकान्यात नुसते कलमांचे आकडे.

मामाकडे गेल्यावर मी त्यांचा सातबारा मागितला. उगाच शिकायला म्हणून. पुढचे चार-पाच शनिवार त्यातच गेले.

सुरुवात सगळ्यांना माहीत असलेल्या आकड्यापासून करतो. गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट. हा आकडा एजंटलाही पाठ असतो, पण तो १०८९ च का, हजार का नाही, असं विचारलं तर तो तुमच्याकडे संशयाने बघतो. आपल्या धंद्यात कोडमध्ये असा कारण न सांगता बसलेला आकडा दिसला की त्याला 'मॅजिक नंबर' म्हणतात. तर याचं मूळ आहे एका लोखंडी साखळीत. एडमंड गुंटर नावाच्या इंग्रजाने १६२० मध्ये ६६ फुटांची मोजणीची साखळी काढली. मुंबई इलाख्यातल्या मोजणीत तिच्या निम्मी, म्हणजे ३३ फुटांची साखळी वापरली, आणि तिचे आपल्या रुपयासारखे १६ आणे पाडले. एक साखळी लांब, एक साखळी रुंद: ३३ गुणिले ३३, १०८९. झाला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे बरोबर एक एकर. आता कागदावर हेक्टर-आर आलेत. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि गुंठा भरतो १०१ चौरस मीटरच्या थोडा वर. म्हणून गावात आर आणि गुंठा सर्रास एकच धरतात. एकरभर जमिनीत हा फरक जवळजवळ अर्ध्या गुंठ्याचा होतो आणि त्यावरून भांडणं होतात, पण असो.

ही साखळी आली कशासाठी? सारा ठरवण्यासाठी. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर इंग्रजांना प्रश्न पडला की कोणाकडून किती घ्यायचं. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुण्याकडे पहिला प्रयत्न केला, तो साफ फसला. सारा इतका जबर लागला की लोक गाव सोडून गेले. मग १८३५ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने सुरुवात केली. १८४७ च्या त्यांच्या अहवालात या पद्धतीचे नियम पक्के झाले. ठाणे जिल्ह्यात ही मोजणी १८५० आणि १८६० च्या दशकांत पोचली. त्यांची मुख्य कल्पना साधी होती: नंबर माणसाला नाही, शेताला द्यायचा. माणूस मरेल, विकेल, पळून जाईल. शेत जागेवरच असतं. हाच सर्व्हे नंबर. प्रत्येक नंबरावर तीस वर्षांसाठी ठराविक सारा बसवला, त्याचं नाव 'आकार'. (एकत्रीकरण योजनेत तुकडे जोडून नवे नंबर दिले तेव्हा काही गावांत सर्व्हे नंबरचा गट नंबर झाला.)

मामाच्या सातबाऱ्यावर आकार आहे ६ रुपये ५० पैसे. चार एकरांचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गंमत बघा. अख्ख्या सातबाऱ्यावर 'मालक' हा शब्द कुठेच नाही. आहे तो 'भोगवटादार', आधी लिहायचे 'कब्जेदार'. म्हणजे जमीन सरकारची, तुम्ही सारा भरून ती भोगताय. १९०३ पर्यंत तर सरकारी दप्तरात मुख्यतः एवढंच होतं की या नंबराचा सारा कोण भरतो. त्या जमिनीवर गहाण कोणाचं, वाटा कोणाचा, हे लिहायची सक्तीची पद्धत १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्याने आली. त्यातून निघाला गाव नमुना ७, म्हणजे अधिकार अभिलेख. पिकांची नोंदवही हा नमुना १२. दोन्ही एका कागदावर छापतात म्हणून सातबारा. आणि एवढं होऊनही तो मालकीचा दस्त नाहीच. १९६६ च्या महसूल संहितेचं कलम १५७ सांगतं की ही नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. इतकंच. ब्रोशरवरचं 'क्लिअर टायटल' सातबारा बघून कोणी छापलं असेल तर त्याने अर्धंच काम केलंय.

एजंटने दाखवलेली जागा उताराची होती. कारवी, थोडे ऐन, खाली भाताची खाचरं, मागे सह्याद्रीची भिंत. हिल व्ह्यू होताच, खोटं कशाला बोला. कागदावर तिचा प्रकार लिहिला होता 'वरकस'. मला वाटलं वरकस म्हणजे टाकाऊ. एजंटही तेच म्हणाला, "साहेब, शेती होत नाय त्याच्यात, म्हणून तर बंगल्याला बरी."

मामांनी ऐकलं आणि हसले. "वरकस नसंल तं भात कशावर काढशील?"

हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडच्या भातशेतीत पावसाआधी राब भाजतात. खाचराच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, गवत आणि वर माती असे थर देऊन ते जाळतात. मग तिथे बी टाकतात, आणि रोपं वर आली की उपटून बाकीच्या खाचरांत लावणी. त्या फांद्या आणि ते गवत येतं वरकसातून. वर नाचणी, वरई होते ती वेगळीच. म्हणजे खालचं भात आणि वरचा उतार ही दोन शेतं नाहीत, एकाच शेताचे दोन अवयव आहेत. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. १९४८ च्या कूळ कायद्यात वरकस जमिनीची व्याख्याच अशी आहे: भातशेतीसाठी राबाला वापरली जाणारी जमीन. मुंबईतल्या कायदेमंडळात कोणाला तरी हे माहीत होतं, कोणीतरी ते लिहून घेतलं. आज राब भाजणारे कमी झालेत, खताची गोणी येते, आणि वरकस मोकळं पडल्यासारखं दिसतं. शहापूर-मुरबाडला 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून जे विकलं जातंय त्यातलं पुष्कळसं हे वरकसच.

कूळ कायद्यावर आलोच आहे तर थांबतो जरा, कारण मामाचा सातबारा इथूनच सुरू होतो. माझे आजोबा, आईचे वडील, त्या जमिनीचे मालक नव्हते. ते कूळ होते. जमीन होती कल्याणच्या एका सावकाराची. आजोबा कसायचे आणि भात झोडलं की सावकाराचा वाटा आधी बाजूला निघायचा. जिल्ह्यात तेव्हा हे घरोघरचं होतं, आणि आदिवासी गावांत तर त्यावर वेठही होती. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिथे डहाणू-उंबरगावकडचे वारली आले होते. परत गेल्यावर गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर त्यांनी वेठबिगार आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध जे उभं केलं ते वारल्यांचं बंड म्हणून इतिहासात आहे. आपण टिटवाळ्याला गणपतीला जातो. मी निदान पन्नास वेळा गेलो असेन. तिथे असं काही झालं होतं हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं.

कूळ कायदा १९४८ चा, पण त्यातलं खरं कलम अमलात आलं १ एप्रिल १९५७ ला. तो कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता त्याने ती विकत घेतली असं कायद्याने मानलं. किंमत ठरवायला न्यायाधिकरण, कलम ३२ ग. म्हणून गावात अजून 'बत्तीस ग झालंय का' असं विचारतात. साध्या कुळासाठी किंमत आकाराच्या २० पटीपेक्षा कमी नाही आणि २०० पटीपेक्षा जास्त नाही. पैसे हप्त्यांनी भरायची सोय, जास्तीत जास्त बारा. सगळे भरले की ३२ म चं प्रमाणपत्र.

आता तो आकार काढा. साडेसहा रुपयांची वीस पट १३०, दोनशे पट १३००. आजोबांची किंमत ठरली होती ३१८ रुपये. बारा हप्ते, वर्षाला साडेसव्वीस रुपये आणि वर व्याज. आज हसायला येतं, पण आई सांगते की हप्त्याच्या महिन्यात आजी दूध घरात ठेवायची नाही, सगळं मुरबाडला जायचं. एका वर्षी म्हशाच्या जत्रेत बैल विकला तो हप्त्यासाठीच. त्यांचं निदान झालं तरी. न्यायाधिकरणाची नोटीस म्हणजे काय हेच ज्यांना कळलं नाही, किंवा कूळ म्हणून ज्यांचं नाव कधी कागदावर चढलंच नव्हतं, त्यांच्या हातात काहीच आलं नाही.

अशी मिळालेली जमीन विकायला कलम ४३ ची आडकाठी होती, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विक्री नाही. म्हणून भोगवटादार वर्ग २. वर्ग १ म्हणजे मोकळी, वर्ग २ म्हणजे अटीची. सरकारने वाटलेली 'नवीन शर्ती'ची जमीनही याच वर्गात. एजंट वर्ग २ चं नाव काढलं की तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, काँग्रेसवाल्यांनी करून ठेवलंय. नाही हो. ही कल्पना स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीची आहे. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळानंतर सारा थकलेल्यांच्या जमिनी सरकारजमा होत होत्या. १९०१ मध्ये मुंबई सरकारने विधेयक आणलं की अशी जमीन परत देताना 'परवानगीशिवाय विकता येणार नाही' अशी अट घालता यावी. सरकार म्हणे, सावकारापासून शेतकऱ्याला वाचवतोय. फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले म्हणाले, विकता येत नाही अशा जमिनीवर कर्ज कोण देणार? तुम्ही त्याला सरकारचं कूळ करताय. सरकार ऐकेना तेव्हा मेहता, गोखले आणि आणखी काही सभासद कौन्सिलातून उठून गेले. विधेयक अर्थातच पास झालं.

सव्वाशे वर्षं झाली, वाद तोच आहे. अडवलं तर कर्ज नाही, सोडलं तर जमीन जाते. मला दोन्ही बाजू पटतात आणि त्यामुळे झोप लागत नाही. २०१४ मध्ये कलम ४३ सैल झालं: ३२ म च्या खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट रक्कम भरा आणि मोकळे व्हा. साडेसहा गुणिले चाळीस, २६० रुपये. आजोबांनी बारा वर्षांत जे मिळवलं त्याची अट हॉटेलातल्या दोन थाळ्यांच्या पैशांत सुटते. मामांनी ती सोडवून घेतलीये. का, ते नंतर सांगतो.

दुपारी एजंट म्हणाला, इथलं पसंत नसेल तर शहापूरला चला, स्वस्तात आहे. सरळगावहून किन्हवलीवरून गेलो. जागा सुंदर. सातबारा हातात घेतला तर इतर हक्कात 'कलम ३६ अ'. भोगवटादार आदिवासी.

एजंटकडे उपाय तयार होते. ९९ वर्षांचं लीज करू. नाहीतर कुलमुखत्यारपत्र घेऊ. नाहीतर "आपला एक आदिवासी माणूस आहे साहेब, त्याच्या नावाने घ्या, तो काय कुठे जात नाय."

घरी येऊन मी ३६ अ वाचलं. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावं पाचव्या अनुसूचीखालच्या अनुसूचित क्षेत्रात येतात, पण ३६ अ महाराष्ट्रात सगळीकडेच लागू आहे. आदिवासीने बिगर आदिवासीला जमीन विकायची तर कलेक्टरची परवानगी लागते, आणि तीही आधी राज्य सरकारची मंजुरी घेऊन. लीज किंवा गहाण फक्त पाच वर्षांपर्यंत, तेही कलेक्टरच्या मंजुरीने. ९९ चा प्रश्नच नाही. कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितलंय. आणि तो तिसरा उपाय म्हणजे सरळ बेनामी.

हे कलम आत्ताच्या रूपात ६ जुलै १९७४ ला आलं. त्याच्याच जोडीने आलेल्या कायद्यात असं होतं की १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून गेलेल्या जमिनी त्यांना परत द्यायच्या. पहिली तारीख ओळखीची वाटली? कृषक दिन. म्हणजे ज्या दिवशी कायद्याने जमीन कुळाच्या हातात दिली, त्या दिवसापासूनच ती हातातून सुटण्याचा हिशेब धरावा लागला. मी ज्याला 'शेरा' समजत होतो, आणि एजंट ज्याला 'लफडं' म्हणत होता, ते या सतरा वर्षांचं उत्तर आहे. ज्याच्या नावावर ती जागा होती तो म्हातारा बांधावर बसून आमच्याकडे बघत होता. एजंटने त्याची ओळख करून दिली नाही, आणि मीही विचारलं नाही. ही माझी चूक.

बाकीचे शब्द भराभर. 'पोटखराबा' म्हणजे लागवडीला नालायक तुकडा; (अ) खडकाळ वगैरे, (ब) रस्ता-नाला असा सार्वजनिक वापराचा. क्षेत्र मोजताना हा वेगळा काढा. '३५(३)' दिसलं तर मात्र गाडी वळवा आणि आधी वकील गाठा. १९२७ च्या वनकायद्याखालची ती नोटीस आहे, आणि ३० ऑगस्ट १९७५ ला खासगी वनं सरकारजमा झाली तेव्हा अशा नोटिसांवरून कित्येकांच्या जमिनी वन ठरल्या. २०१४ मध्ये गोदरेजच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसती काढलेली, पण न बजावलेली जुनी नोटीस पुरत नाही. ते मुंबई उपनगरातलं प्रकरण, आणि लढणारे गोदरेज होते. दहा गुंठेवाल्याने तेवढा दम धरायचा का ते त्याने ठरवावं. 'एन.ए. टेंटेटिव्ह' याचा अर्थ एन.ए. झालेलं नाही. 'सामाईक सातबारा' म्हणजे एका एकरात आठ जणांची नावं, कोणाचा तुकडा कुठला हे कागदावर नाही. तुमचं कुंपण फक्त तुमच्या आपसातल्या समजुतीवर उभं असतं. १९४७ चा तुकडेबंदी कायदा चुकवायची ही युक्ती. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे झालं, तरी पाच गुंठ्यांचे 'फार्म' विकायला असतातच.

आणि सगळ्यात आधीचा अडथळा, कलम ६३: शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी हवेत. मी नाही. एजंट म्हणाला, शेतकरी दाखला 'करून' देतो. मी गप्प राहिलो तेव्हा त्याने आईकडे बघितलं. "मावशींचं माहेर इथलंच ना? त्यांचं नाव असतं सातबाऱ्यावर, तं काय टेन्शनच नव्हतं."

नाव असतं. हे डोक्यात राहिलं. मामाच्या सातबाऱ्यावर कंसात दोन नावं होती, आणि त्यातलं एक मला वाचता आलं होतं. आईचं. लग्नाआधीचं नाव नाही, लग्नानंतरचं, आमच्या आडनावासकट.

सातबाऱ्यावर काही पुसत नाहीत. हक्क गेला की नावाला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा नंबर लिहितात. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा ही आजची स्थिती, आणि नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, हा लॉग. कोणत्या तारखेला कशामुळे काय बदललं ते सगळं तिथे. नोंद लिहायची तलाठ्याने, नोटीस काढायची, हरकतीला मुदत द्यायची आणि मंडळ अधिकाऱ्याने मंजूर करायची. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी हे इतकं व्यवस्थित डिझाईन केलंय की हेवा वाटावा. ज्याला प्लॉट घ्यायचाय त्याने सातबारा कमी आणि फेरफार जास्त वाचावेत.

मी दोन फेरफार काढले. पहिला १९८८ चा, आजोबा गेल्यावरचा वारस फेरफार. आजी, मामा, आई, मावशी, चौघांची नावं चढली. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलींची नावं लागायलाच हवी होती आणि ती लागली. दुसरा नोव्हेंबर १९९१ चा. 'वर नमूद दोन्ही मुलींनी समक्ष हजर राहून जबाब दिला की आम्ही आमचा हक्क भावाचे लाभात स्वखुशीने सोडत आहोत.' नोंद मंजूर. दोन नावांना कंस. रजिस्टर्ड दस्ताचा उल्लेख नाही, नुसता जबाब. आणि स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो, असं मला ज्या वकिलांनी सांगितलं त्यांनी पुढे हेही सांगितलं की त्या काळातले असे 'जबाब' गावोगाव सापडतात.

रात्री आईला तो कागद वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. तारीख परत वाचायला सांगितली.

"नोव्हेंबरला मी गावी कुठे होते? तुझ्या बहिणीला महिना झाला होता. डोंबिवलीतून हललेच नव्हते मी."

मग पुढच्या शनिवारी आम्ही परत गेलो. प्लॉट बघायला नाही. मामांनी नाकारलं नाही. ते चांगले आहेत, आजही आईला प्रत्येक दिवाळीला तांदळाचं पोतं त्यांच्याकडून येतं. म्हणाले, "ताई, तवा सगले असंच करायचे. तलाठी गावात आला का एका दिवसात धा घरांचं उरकायचा. तुला इचारलं असतं तरी तू हो बोलली असतीस."

"बोलले असते," आई म्हणाली.

थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मामीने चहा आणला. मग आईने विचारलं, "वरकस विकतोयस म्हणे?"

तेव्हा कळलं की अट कशाला सोडवून घेतली होती. खालचं अडीच एकर भात ठेवायचं आणि वरचं दीड एकर त्याच एजंटला द्यायचं. मला ज्या जागा दाखवल्या त्यांच्या यादीत पुढच्या महिन्यात ती येणार होती. पैशांची गरज खरी आहे, मामेभावाचं शिक्षण आहे, हे मी मान्य करतो. आईने काही मागितलं नाही. फक्त म्हणाली की टोकन घ्यायच्या आधी मला कळव, आणि तो जबाबाचा कागद मला बघायचाय, त्यावर सही कोणाची आहे ते.

जबाब फेरफाराच्या कागदांबरोबर तहसीलच्या अभिलेख कक्षात असायला हवा. नक्कलेचा अर्ज केलाय. अर्जदार म्हणून आईचं नाव टाकलं आणि 'अर्जदाराचा मिळकतीशी संबंध' या रकान्यात काय लिहायचं यावर दोघं पाच मिनिटं अडलो. मी 'वारस' लिहायला गेलो. आईने पेन घेतलं आणि वडिलांचं पूर्ण नाव लिहून त्यापुढे 'मुलगी' असं लिहिलं. पुढच्या गुरुवारी बोलावलंय, मी सुट्टी टाकलीये.